पांढरा कुठंच नसतो

शाळेच्या स्मरणिकेसाठी शिरसाट सरांवर एक पान लिहून द्या, असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. मी कागद घेऊन बसले, ‘शिस्तप्रिय’ हा पहिला शब्द लिहिला आणि एकटीच हसत सुटले. अहो, शिरसाट सर आणि शिस्त! तासाला निघालेला हा माणूस जिन्यातल्या भिंतीवर पडलेली जाळीची सावली बघत उभा राहणार आणि तिकडे सहावीचा वर्ग मासळीबाजार भरवणार. शर्टाच्या खिशावर कायम बोटांचे ठसे, निळे नाहीतर तांबडे. चष्मा पुसायचा तोही त्याच शर्टाला. शेवटी स्मरणिकेला मी चार बऱ्या ओळी देऊन टाकल्या, ‘विद्यार्थिप्रिय’ वगैरे. त्या खोट्या नाहीत. पण सर म्हटलं की मला जे आठवतं ते त्या पानात बसणारं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय चैनही पडेना.

इंदिरानगरातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि सर चित्रकला. शिवाय आम्ही राहायला एकाच बिल्डिंगमध्ये. मी पहिल्या मजल्यावर, ते सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. म्हणजे दिवसभर स्टाफरूममध्ये तेच आणि संध्याकाळी जिन्यात पुन्हा तेच. मी सटाण्याकडची. माझं तोंड जरा फटकळ आहे, आणि सरांवर मी जितकी चिडले आहे तितकी माझ्या नवऱ्यावरही चिडले नसेन, हे आधीच सांगून टाकते.

सर माणसाकडे बघायचे नाहीत, माणसावर पडलेल्या उजेडाकडे बघायचे. मी नुकतीच रुजू झाले होते, स्टाफरूममध्ये डबा खात होते. समोरून हे म्हणाले, “मॅडम, हलू नका. तुमच्या कानाखाली हिरवा आलाय.”

मी घास टाकून कान पुसायला लागले. मला वाटलं, पालकाची भाजी लागली.

“अहो, साडीचा,” सर म्हणाले. “साडीचा हिरवा मानेवर चढलाय. तो पुसून जाणार नाही.”

बाकीचे गालातल्या गालात हसत होते, त्यांना सवय होती. मला मात्र असा राग आला म्हणता! कुठला हा बावळट माणूस, असंच माझं पहिलं मत झालं. पुढे मत बदललं, पण राग अधूनमधून येतच राहिला.

त्यांचा वर्गातला पहिला तास ठरलेला असायचा. माझा तास रिकामा असला की मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचे, त्यामुळे तो मला पाठ झाला होता. पोरांनी ऑइल पेस्टलचे नवे कोरे बॉक्स आणलेले असायचे. सर बाकाबाकांवर फिरून प्रत्येक बॉक्समधला काळा खडू काढून घ्यायचे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. पोरं हवालदिल व्हायची.

“सर, मग केस कशे काढायचे?”

“निळ्यावर तपकिरी घास. जोरात घास. घाबरतो काय, कागद रडत नाही.”

पोरगं घासायचं आणि खरंच कागदावर काळोख तयार व्हायचा, आत थोडा निळा, थोडा लाल असलेला. “काळा हा आळशी माणसाचा रंग,” सर म्हणायचे. “एकदा हातात आला की तुम्ही बघायचं सोडता.” वर्षाच्या शेवटी ते काळे खडू परत द्यायचे, तेव्हा कोणाला त्याची गरजच उरलेली नसायची.

दुसरा तास दुधाचा. घरून बाटलीत दूध आणायचे आणि काचेच्या ग्लासात ओतून टेबलावर ठेवायचे. “हे कोणत्या रंगाचं?” सगळा वर्ग ओरडायचा, “पांढरं!” मग सर ग्लासाच्या शेजारी एखाद्या मुलीची लाल रिबीन ठेवायचे. “आता?” मग ग्लास खिडकीत, निळ्या रुमालावर. “आता?” हळूहळू पोरं गप्प व्हायची. कोणीतरी चाचरत म्हणायचं, “सर, खालच्या बाजूला गुलाबी दिसतंय.” झालं, सर खूश!

“शाब्बास! पांढरा कुठंच नसतो. कुठलाच रंग एकटा नसतो. त्याच्या शेजारी कोण आहे, ते आधी विचारा.”

मग फळ्यावर रंगांचं चक्र यायचं. लाल, पिवळा, निळा, आणि त्यांच्या मधे नारिंगी, हिरवा, जांभळा. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात आणि एकमेकांत कालवले की दोघांचाही चिखल होतो, हे आमच्या शाळेतलं ढ पोरगंसुद्धा सांगायचं. दूध शेवटी मागच्या बाकावरच्या पोरांना प्यायला मिळायचं. त्यामुळे मागच्या बाकासाठी फक्त चित्रकलेच्या तासाला भांडणं व्हायची.

एका वर्षी गॅदरिंगला सरांनी स्टेजमागचा पडदा रंगवला. डोंगर काढला होता, जांभळा. संस्थेचे अध्यक्ष बघायला आले आणि म्हणाले, “शिरसाट, डोंगर जांभळा कुठं असतो हो?” सर त्यांना हात धरून शाळेच्या गच्चीवर घेऊन गेले. मीही मागोमाग गेले, मजा बघायला. ऊन उतरलं होतं आणि समोर पांडवलेणीचा डोंगर, अगदी जांभळा. अध्यक्षांनी नीट बघितला. “आज हवेत धूर दिसतोय,” म्हणाले, आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी सर निमूटपणे पडदा हिरवा करत बसले होते.

मी तणतणले. “अहो, तुम्ही बोलत का नाही?”

“हिरव्याखाली जांभळा आहेच की, मॅडम. जातोय कुठं?”

हा असा माणूस. भांडायचा नाही, पण मनातलं सोडायचाही नाही. आपल्याला जे दिसतं ते खरं आहे, तेव्हा कधी ना कधी ते सगळ्यांना दिसणारच, अशी त्यांची पक्की समजूत होती. कोणाला दिसावं वाटतं की नाही, हा प्रश्न त्यांना पडायचाच नाही.

रविवारी सकाळी ते आमच्या गच्चीवर क्लास घ्यायचे. पोरं सतरंजीवर बसून काढायची आणि सर हात पाठीमागं बांधून मधून फिरायचे. मी एकदा विचारलं, हे काय पोलिसासारखं? तर म्हणाले, “बोटं शिवशिवतात हो. मोकळी ठेवली तर पोरांच्या कागदावर जातील.” स्पर्धेच्या चित्रांवर कितीतरी क्लासचे मास्तर शेवटचा हात मारतात, हे कोणाला ठाऊक नाही? इथं सावली ठेव, तिथं डोळ्यात चमक घाल. बक्षिसंही त्यांच्याच पोरांना मिळतात. एक आई एकदा गच्चीवर येऊन तावातावानं म्हणाली, “सर, जरा तुमचा हात फिरवला असता तर हिचा नंबर आला असता.”

“मग नंबर माझा आला असता ना. हिचं काय?”

“पण तिला जमत नाही तर तुम्ही नको का करायला?”

“जमत नाही तेसुद्धा तिचंच आहे. ते मी कसं घेऊ?”

बाई पोरीचा हात धरून तरातरा खाली गेली. पुढच्या रविवारी ती पोरगी आली नाही, आणि तिच्यामागून आणखीही काही गळाली. सुजातावहिनी, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या, “यांना संसार कळत नाही हो.” पण आतून त्यांना नवऱ्याचा अभिमान होता. मलाही तेव्हा वाटला होता, खोटं कशाला बोलू?

इथून पुढचं मी प्रज्ञाला विचारून लिहितेय. प्रज्ञा म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. ती फोनवर म्हणाली, “लिहा काकू. फक्त रडकं करू नका.”

प्रज्ञा आठवीत असताना तिच्या बोटांच्या पेरांवर आणि कोपरापाशी पांढरे डाग उठले. कोड. हा शब्द आपल्याकडे बायका आवाज खाली आणूनच बोलतात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, संसर्ग नाही, दुखणं नाही, हे औषध लावायचं आणि सकाळच्या उन्हात बसायचं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टरांपेक्षा शहाणे लोक राहतात ना! कोणी म्हणे लहानपणी माशांवर दूध प्यायली असेल, कोणी म्हणे मागच्या पिढीत कोणाला होतं का बघा. प्रज्ञाच्या वाढदिवसाला एका बाईनं तिच्या हातचा केक घेतला आणि हळूच टेबलाखाली ठेवून दिला. मी तो उचलून सगळ्यांसमोर खाल्ला आणि त्या बाईची अशी हजेरी घेतली की ती आजतागायत माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रज्ञा औषध लावून गच्चीवर बसायची. तिला हलायचं नसायचंच. मग सर समोर बसायला लागले, मांडीवर बोर्ड घेऊन. पोरांना ते तेलकट पेस्टल द्यायचे, पण स्वतः कोरडे वापरायचे, भुकटी होणारे, बोटानं पसरवता येणारे. कागद तपकिरी घ्यायचे. तपकिरी कागदच अंगाचा रंग व्हायचा आणि त्यावर उजेड तेवढा चढवायचा. मी तिथंच कुरडया वाळत घालायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं कानावर पडायचं.

“पप्पा, झालं का?”

“थांब. कोपरापाशी गुलाबी आहे, मनगटाकडं निळसर होत गेलंय. पांढरा कुठंच नाही.”

“शाळेत सगळ्यांना पांढराच दिसतो.”

“त्यांना बघता येत नाही.”

“मग शिकवा ना त्यांना. तुमचाच तर वर्ग आहे!”

आणि दोघं खो खो हसायचे. त्या दोन-तीन सुट्ट्या फार छान गेल्या. पोरगी उन्हात बसायला कंटाळायची नाही, कारण पप्पा समोर असायचे. पुढे औषधानं फारसा फरक पडला नाही, पण बसायची सवय मोडली नाही. दर उन्हाळ्यात एखाददुसरं चित्र व्हायचंच. डाग मानेवर आले, एका पापणीवर आले, आणि चित्रांतही आले. सर ती चित्रं मोठ्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवायचे. मी पाहिली आहेत. इतकी सुंदर मुलगी मी कागदावर दुसरी पाहिली नाही, हे मी कोणापुढंही म्हणेन.

पण कॉलेजात गेल्यापासून प्रज्ञाचं हसणं थांबलं होतं. डोळे मिटून बसायची. एकदा म्हणाली, “पप्पा, आज नुसता चेहराच काढा.” सर म्हणाले, “हात नसला तर चित्र अर्धं राहील गं.” झालं, विषय संपला! ज्या माणसाला साडीचा हिरवा मानेवर चढलेला दिसतो, त्याला स्वतःच्या पोरीचं तोंड उतरलेलं दिसू नये? मला भयंकर राग यायचा. मी बोलूनही दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, जगात सगळे तिचे डाग बघतात. मी एकटा रंग बघतो.” आणि ते खरंही होतं, हीच तर पंचाईत होती. पण त्या पोरीला आता कोणीच काहीच बघायला नको होतं.

शिक्षण झाल्यावर ती सिडकोतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, रक्त काढायचं काम. हातमोजा असतो, पण मोजा आणि बाही यांच्या मधली दोन बोटं जागा उघडी राहते. एका बाईनं ती जागा बघितली आणि आपला हात मागं घेतला. “दुसरं कोणी नाही का?” प्रज्ञानं हे घरी जेवताना सांगितलं. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि सरांनी काय विचारावं? “तिथं ट्यूबलाइट आहे का गं? ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं पडतं.”

प्रज्ञा ताटावरून उठली. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

मग ओझरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या विमानांच्या कारखान्यात होता, वहिनींच्या भावाच्या ओळखीतला. वहिनींचं म्हणणं, आधी मुलगी तर बघू देत, बाकीचं नंतर सांगू. पण प्रज्ञानं निक्षून सांगितलं होतं, “मुलाशी एकटीनं बोलायला मिळेल तेव्हा मीच सांगीन. आई, तू नाही, मामा नाही, कोणीही नाही. मी.” पूर्ण बाह्यांचा ड्रेस शिवून घेतला होता. पार्लरमधून पापणीवर, मानेवर आणि बोटांवर डाग झाकणारं क्रीम लावून आली. माझ्याकडं बघून म्हणाली, “लपवायला नाही हं काकू. मी सांगेपर्यंत फक्त.” मी म्हटलं, जा गं, नीट होईल सगळं.

पोहे मी करत होते. वहिनी शिऱ्यात अडकलेल्या. त्या सकाळी सर शालिमारच्या बाजारातून काही तरी घेऊन आले, एवढं मला दिसलं होतं. पाहुणे आले, बसले. प्रज्ञा आणि मुलगा गॅलरीत बोलायला गेले. मी ट्रे घेऊन हॉलमध्ये गेले. टीव्हीच्या वर, बुद्धांच्या तसबिरीच्या शेजारी, प्रज्ञाचं चित्र लटकलेलं. नवी कोरी फ्रेम. मांडीवर हात ठेवून बसलेली प्रज्ञा, आणि दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत उघडे.

मुलाची आई उठून जवळ गेली. “ही कोण? आणि हिच्या हाताला काय झालंय?”

सरांचा चेहरा उजळला हो! अजून आठवलं की मला कसंतरी होतं. “ही प्रज्ञाच. या ना, जवळ या. लांबून तुम्हाला पांढरा वाटेल, पण पांढरा नाहीये तो. हा बघा, इथं गुलाबी आहे. इथं निळा…” काचेवरून त्यांचं बोट फिरत होतं. ती बाई बोटाकडं बघतच नव्हती. ती गॅलरीकडं बघत होती. मग तिनं मोठ्यानं हाक मारली, “चल रे, ओझरला पोचायला उशीर होतोय.”

पोहे तसेच राहिले. ते लोक गेल्यावर प्रज्ञा आत आली. तिनं भिंतीकडं बघितलं, मग सरांकडं. ओरडली नाही, रडली नाही.

“सांगायचं मला होतं,” एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

तिनं पुढे मला सांगितलं, गॅलरीत त्या मुलानं विचारलं होतं, तुला काही बोलायचंय का? तिनं म्हटलं होतं, हो, एक सांगायचंय. तेवढ्यात आतून हाक आली. मी तिची समजूत काढायला गेले, की अगं, असल्या घरात तू सुखी झालीच नसतीस, तोही उठून गेलाच असता. ती म्हणाली, “गेला असता. पण मग माझं ऐकून गेला असता, काकू.”

संध्याकाळी मी वर गेले आणि सरांना धारेवर धरलं. “पोरांच्या कागदाला हात लावत नाही म्हणून सगळ्या इंदिरानगरात तुमचं नाव. आणि पोटच्या पोरीच्या तोंडातलं वाक्य काढून घेतलंत?”

“मी खोटं काय बोललो, मॅडम?”

“खोटं नाही बोललात. तिचं बोललात.”

खुर्चीत बसल्या बसल्या सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि तिथंच धरून ठेवले. वहिनी दारात उभ्या होत्या. फ्रेम भिंतीवरून उतरलेली होती.

त्या दिवसापासून प्रज्ञा वडिलांशी बोलायची बंद झाली. एका घरात, दोन खोल्यांत. आईशी बोलायची, माझ्याशी बोलायची, खाली येऊन माझ्या नातीशी खेळायची. सर समोर आले की तोंडाला कुलूप. त्यांनी माफी मागितली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा मागितली. त्यांचं बोलून होईपर्यंत ती उभी राहायची आणि मग आपल्या कामाला जायची. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणायच्या. असे महिने गेले, दिवाळी गेली, पुन्हा उन्हाळा आला. गच्चीवर कोणी बसलं नाही.

सर मला जिन्यात गाठायचे. “आज काही म्हणाली का तुमच्याशी?”

“पाऊस येईल म्हणाली.”

“येईल, येईल,” असं म्हणत समाधानानं वर जायचे. एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. मी मग कधी कधी चार शब्द पदरचे घालूनही सांगायचे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पोरं नवे बॉक्स उघडून बसली होती. मी मागच्या बाकावर होते. सर बाकांमधून गेले आणि पत्र्याच्या डब्याला हातच लावला नाही. एक मुलगी मोठ्या बहिणीकडून ऐकून आलेली असावी, तिनं आपला काळा खडू स्वतःहून पुढं केला. “सर, हा घ्यायचा ना?”

“असू दे तुझ्याजवळ,” सर म्हणाले.

माणसांकडं बघायचंच त्यांनी सोडलं होतं. स्टाफरूममध्ये डबा उघडून डब्यात बघत बसायचे. घरी प्रज्ञा समोरून गेली की मान खाली. मी मुद्दाम भडक नारिंगी साडी नेसून समोर बसले, म्हटलं काही तरी बोलतील. काही नाही. तो बावळट माणूस मला परत हवा होता हो.

मग प्रज्ञाला पुण्याच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. जायच्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, “काकू, पप्पांना सांगाल? ती चित्रं मला नकोत. कपाटात नको, माळ्यावर नको. मी जायच्या आत ती असायलाच नकोत.”

माझं डोकंच फिरलं. “अगं, काही वाटतं का? तुझ्या बापाचा जीव आहे त्यात!”

“माझं अंग आहे त्यात,” ती म्हणाली. “मी गेल्यावर कोणी येईल आणि पप्पा ती उघडून समजावत बसतील. इथं गुलाबी, इथं निळा. मी नसताना. मला ते नको, काकू.”

वर जाऊन मी निरोप सांगितला.

“सगळी?” सरांनी विचारलं.

“सगळी.”

“बरं,” म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी क्लासला सुट्टी दिली. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर सर सतरंजीवर बसलेले, शेजारी पाण्याची बादली आणि पुढ्यात पुठ्ठे. ओलं फडकं घेऊन एक चित्र पुसत होते. कोरडा पेस्टल म्हणजे शेवटी भुकटीच. त्यावर फवारा मारून रंग पक्का करतात, पण सर कधी मारायचे नाहीत, फवाऱ्यानं रंग मरतो म्हणायचे. त्यामुळे एका हातासरशी प्रज्ञाची मान गेली, खांदा गेला.

“हाई काय शे, सर?” माझ्या तोंडून एकदम सटाण्याची बोली निघाली. “अहो, नकोच असतील तर फाडून टाका. हे असं बघवत नाही.”

“फाडलं की तुकडे राहतात, मॅडम,” ते म्हणाले. “घंटागाडीत टाकायचे, आणि कोणाच्या तरी हाताला तिचा हात लागायचा. नको ते.”

मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. तेवढ्यात जिन्याच्या दारात प्रज्ञा आली. आता ही म्हणेल, राहू द्या. आता म्हणेल. मी मनात देव पाण्यात घातले होते. ती दाराला टेकून बघत राहिली. आठवीतली प्रज्ञा गेली, दहावीतली हसणारी गेली, डोळे मिटलेली गेली. मला वाटलं, उठावं आणि पोरीच्या एक ठेवून द्यावी. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की ती चुकत नाहीये. दोन्ही एकदम वाटत होतं आणि मला रडू येत होतं. शेवटी ती फ्रेम. सरांनी पकडीनं मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. या चित्रातले हात पुसताना ते जरा थांबले. मग तेही पुसले.

सगळं झालं तेव्हा समोर तपकिरी-करडे ओले कागद उरले होते. सरांचे हात कोपरापर्यंत माखलेले. ते उठून टाकीपाशी गेले, पण अशा हातांनी नळ कसा धरणार? कोपरानं सोडायला बघत होते, सुटत नव्हता. प्रज्ञा दारातून निघाली. तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या, नळ सोडला, टाकीवरचा प्लॅस्टिकचा मग भरून घेतला आणि त्यांच्या हातांवर पाणी धरलं. सरांनी घाईघाईनं मान वळवली आणि पार पलीकडं, डोंगराकडं बघायला लागले. तिच्या हातांकडं चुकूनही नजर जाऊ नये म्हणून. त्यांचे हात पाण्याखाली नव्हतेच. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं, लेंगा भिजत होता, आणि मान तिकडंच.

“पप्पा,” प्रज्ञा म्हणाली, “इकडं बघा ना. पाणी सगळं बाहेर चाललंय.”

सरांनी बघितलं. मी माझी बादली उचलली आणि खाली आले.